आधार नसलेलं वाक्य

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय रिया,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटात टाकलंस, तर मला वाईट वाटायचा काही हक्क नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तू मला सात वेळा फोन केला होतास. फोन ग्रंथालयाच्या टेबलावर उलटा ठेवलेला होता आणि प्रत्येक वेळी थरथरत कडेकडे सरकत होता. मी त्याला हाताने मागे ओढत होते, पडू नये म्हणून. उचलला मात्र नाही. सातव्यांदा तो थांबल्यावर मी समोरची पुस्तकं क्रमांकाप्रमाणे लावत बसले, ती आधीच लावलेली होती.

आधी घरचं सांगते. आईचे गुडघे तसेच आहेत. ती जिना उतरताना प्रत्येक पायरीला कोणाचं तरी नाव घेते, बहुतेक वेळा बाबांचं. तुझ्या बाबांनी, सहदेवकाकांनी, होडीला हिरवा रंग दिलाय. पोरं तिला पोपट म्हणतात, आणि ते चिडत नाहीत, उलट शीळ घालतात. तुझ्या आजीला मी गेल्या गुरुवारी आचऱ्याच्या बाजारात बघितलं. पुढ्यात सुकटाचे वाटे घेऊन बसली होती. एक बाई वाटा मोठा कर म्हणून हटून बसली, तेव्हा ती म्हणाली, "गो बाय, मोठो वाटो होयो तर दर्यात जा, थंय मापच नाय." एक्क्याऐंशीव्या वर्षीही जीभ तशीच आहे. मी दोन दुकानं अलीकडे कापडाच्या दुकानात उभी होते. मला काही कापड घ्यायचं नव्हतं. तिने मला बघितलं की नाही, ते माहीत नाही. मला वाटतं, बघितलं.

आणि गावपळणीचा कौल झाला. देवाने उजवा दिला, म्हणजे होकार. पौर्णिमेनंतर सगळ्यांनी तीन दिवस गाव सोडायचा आहे, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, देवळात मानाची बैठक आहे. कोणी काय करायचं ते तिथे ठरेल. तू शुक्रवारी रजेवर घरी येणार आहेस असं सहदेवकाका आमच्या बाबांना सांगत होते, ते मी दाराआडून ऐकलं. तू नोकरी करतेस त्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवलेलं हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडेल, या हिशेबाने उद्या सकाळीच पोस्टात टाकते.

आता जे सांगायचं ते. मला ते क्रमाने सांगू दे, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी वळसा घालून निघून जाईन.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले त्या वर्षी आमच्याकडे एक ऑनलाइन संदर्भसंच घेतला गेला. भारतीय लोकपरंपरा, विधी, कला, स्थळनामं, यांच्यावर हजारो नोंदी. प्रत्येक नोंद त्या विषयातल्या माणसाने लिहिलेली, संपादकांनी तपासलेली, खाली आधारांची यादी. एका बटणावर नोंद कशी उद्धृत करायची तेही तयार मिळतं. तो घरी उघडत नाही, फक्त आमच्यासारख्या वर्गणीदार ग्रंथालयातच उघडतो. तू हसशील, पण पहिल्यांदा तो उघडला तेव्हा मी हात धुऊन आले होते. सुभद्राआत्येने शिकवलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? पुस्तकाला हात लावायच्या आधी ती आपल्याला पागोळीच्या बादलीत हात बुचकळायला लावायची. तू मुद्दाम माशांच्या वासाचे हात घेऊन यायचीस आणि ते माझ्या नाकाला लावायचीस.

त्या संचात आपल्या जिल्ह्यावर फार थोडं होतं. दशावतारावर एक मोठी नोंद, किल्ल्यांवर दोन, आणि मग थेट गोवा. गावपळण शोधली तर एक ओळ आली, तीही दुसऱ्या कुठल्यातरी लेखात. मी संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण पुण्याहून एका मॅडमचं आलं. फार सौजन्याने त्यांनी लिहिलं होतं की नोंद तुम्हीच का लिहीत नाही, सहाशे शब्द, सहा आठवडे. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं, बाबांना दाखवलं, आणि मग आत्येच्या फोटोसमोर उभं राहून मनातल्या मनात वाचलं. आठव्या वर्षापर्यंत दम्यामुळे मी शाळेत गेले नव्हते. माझी शाळा म्हणजे आमची पडवी, आत्ये, आणि दुपारनंतर तू. त्या पडवीतून उठून मी संदर्भसंचात चालले होते.

सहा आठवडे मी दुसरं काही केलं नाही. प्रत्येक वाक्य चार वेळा तपासायचं, स्वल्पविराम काढायचा, परत घालायचा. गाव का सोडतात, कौल कसा लावतात, माणसांबरोबर गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा वेशीबाहेर कशी नेतात, तीन दिवस झोपड्यांत कसे राहतात, चौथ्या दिवशी परतीचा कौल कसा होतो. आणि शेवटी विस्तव. मी लिहिलं होतं: "गाव सोडताना घरोघरच्या चुली विझवल्या जातात. केवळ एक विस्तव मातीच्या मडक्यात खाडीपलीकडे नेला जातो व तीन दिवस राखला जातो. हे काम खाडीकाठच्या एका मासेमार घराण्यातील स्त्रीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. परतीच्या दिवशी ती तरीवर, म्हणजे खाडीकाठी होड्या लागतात तेथे, उभी राहते आणि गावातील प्रत्येक घर आपली चूल तिच्या मडक्यातील विस्तवाने पेटवते." हे शेवटचं वाक्य लिहिलं त्या दिवशी मी फार खूश होते. पूर्ण नोंदीत ते एकच वाक्य माझं होतं, बाकी सगळं कोणीही लिहिलं असतं.

मॅडमचा शेरा नेमका त्याच परिच्छेदावर आला. "अतिशय रोचक. आधार?" एवढंच. मी लिहिलं, मौखिक. त्यांनी लिहिलं की मौखिक माहिती आम्ही घेतो, पण सांगणाऱ्याचं नाव, तारीख आणि शक्य तर काही लेखी पाठबळ लागतं, कारण तुमच्याच आधारयादीतली स्मरणिका वेगळं सांगते. ती स्मरणिका म्हणजे देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी आमच्या आजोबांनी, गुरुदासांनी, लिहिलेली. तिच्यात विस्तवाबद्दल एकच ओळ आहे, की परतीनंतर मानकरी देवळात दिवा लावतात आणि गावात चुली पेटतात. आजोबांनी खोटं लिहिलं नव्हतं. दिवा लागतो आणि चुलीही पेटतात. मधलं मडकं तेवढं त्यांनी सोडलं. त्या स्मरणिकेत एकाही बाईचं नाव नाही, वर्गणीदारांच्या यादीत सोडलं तर.

तुझ्या आजीचं नाव, कृष्णाबाई, मी आधार म्हणून देऊ शकले असते. आमच्या मळ्याच्या बांधावरून तुमच्या घरी यायला दहा मिनिटं लागतात. मी गेले नाही. मुदतीला चार दिवस उरले होते, आणि मला भीती वाटत होती की पुण्याच्या मॅडमना हे सगळं गावंढळ वाटेल. मी वाक्यं काढून टाकली. फार वेळ लागला नाही. त्यांच्या जागी लिहिलं, "परतीनंतर मानकरी घराण्याकडून देवळात अग्नी प्रज्वलित केला जातो व तेथून गावातील चुली पेटतात." 'तेथून' हा शब्द आजोबांनीही लिहिला नव्हता, रिया. तो मी घातला. वाक्य नीट जुळावं म्हणून.

नोंद आली तेव्हा मी तिची रंगीत प्रत काढली आणि घरी नेली. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच. आमच्या भाईंना तू ओळखतेस, बाबांचे थोरले भाऊ, देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा लावून ती उभ्याने वाचली आणि मग बसून वाचली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आचऱ्याला जाऊन तिला प्लास्टिक चढवून आणलं आणि देवळाच्या सभामंडपात घंटेशेजारी लावलं. दर शनिवारी पंचाच्या टोकाने ते ती पुसतात. त्यांना वाईट म्हणू नकोस. त्यांच्या लेखी ती पुतणीची नोंद होती, बाहेरच्या शहाण्या माणसांनी तपासलेली. जे तपासून आलंय त्यात चूक असेल, असं त्यांना कशाला वाटेल?

मग गेल्या गावपळणीआधीची बैठक. तू नव्हतीस, तुला सगळं फोनवर कळलं, पण फोनवर कोणी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून मी लिहिते. भाई म्हणाले की औंदा सगळं रीतसर करूया, लिहिलंय तसं, अग्नी देवळातून. तुझे बाबा उभे राहिले. "माझी आये पन्नास वर्सां मडकां व्हरता, ता काय खोटां?" भाई म्हणाले, "खोटां कोण म्हणता रे सहदेवा? पण ता लिवलेला खंय आसा? ह्यां बघ, ह्यां लिवलेला आसा." कोणीतरी मागून बोललं की सहदेव, आता मडक्याक पण आधार कार्ड काढ, आणि लोक हसले. हसताना काहींनी खाली बघितलं.

तेव्हा तुझी आजी बोलली. ती बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली होती. भाईंकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "गो चेडवा, तू सांग. तू लिवलंस मा? पयलो विस्तव खंयचो?"

सगळा सभामंडप माझ्याकडे वळला. आणि मी उत्तर दिलं. मी म्हटलं, "नोंदीत जे प्रकाशित झालं आहे ते संपादकांनी तपासलेलं आहे." अशी, अगदी ऑफिसातली भाषा. त्या देवळात मी जन्मात कधी अशी बोलले नव्हते. मालवणीत विचारलेल्याला मालवणीत उत्तर द्यावं लागलं असतं तर माझ्या तोंडून खरंच निघालं असतं, असं मला नंतर शंभर वेळा वाटलं. कदाचित म्हणूनच मी भाषा बदलली. तुझ्या आजीने मान हलवली. म्हणाली, "बरां. शिकलेल्या माणसांका म्हायत." पदर सारखा केला आणि उठून गेली. तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता.

पुढचं तुला कोणी पूर्ण सांगितलं नसेल, कारण ते बघणारे सगळे माझ्यासारखेच होते. तिने मडकं नेलंच. गाव सुटला त्या सकाळी ती खाडीपलीकडे गेली ती मडकं कमरेवर घेऊन, आणि तीन दिवस तिने त्यात नारळाची सोडणं आणि भाताचा कोंडा घालून विस्तव राखला. चौथ्या दिवशी परतीचा कौल झाला. देवळात भाईंनी काडी ओढली, वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा कोणीतरी खिशातून लायटर दिला. त्यावरून लोकांनी आपापले पलिते पेटवले. घरी जायची वाट तरीवरून जाते. ती तरीवर उभी होती. हिरवं लुगडं, पायाशी मडकं, वर धुराची बारीक रेघ. माणसं हातात देवळातला विस्तव घेऊन तिच्यासमोरून गेली. काही जण दुसऱ्या बाजूला बघत गेले, काही जणांनी "काय गो कृष्णाबाय, बरी मा?" असं विचारलं. ती प्रत्येकाला "बरी, बरी" म्हणत होती.

मीही गेले, रिया. माझ्या हातात आमच्या घरचा पलिता होता. तिच्यासमोर आल्यावर मी तो दुसऱ्या हातात घेतला, तिला दिसू नये म्हणून. धूर लपवता येत नाही. मला तिने "बरी" म्हटलं नाही, कारण मी काही विचारलंच नाही. वळणावर जाऊन मी मागे बघितलं. सगळे गेल्यावर ती वाकली, मडकं उचललं आणि खाडीत उपडं केलं. त्याचा आवाज वळणापर्यंत आला. त्याच दुपारी मी ग्रंथालयात कामावर गेले, आणि तुझे सात फोन.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, म्हणजे काहीच कसं केलं नाही ते. वर्षाअखेर त्या संचाचा वापर किती झाला याचा तक्ता ग्रंथालयाला येतो. गावपळणीची नोंद वर्षात बेचाळीस वेळा उघडली गेली होती. त्यातल्या एकोणतीस वेळा मीच. मी ती उघडायची, त्या वाक्यापर्यंत जायची आणि बंद करायची. जणू एखाद्या वेळी उघडेन तेव्हा ते आपोआप बदललेलं असेल. कोणी विद्यार्थी ती वाचताना दिसला की मी उठून मागच्या कपाटांकडे जायची. एका मुलीने प्रकल्पात ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, खाली माझं नाव आधार म्हणून दिलं, आणि मला दाखवायला आणलं. मी तिला म्हटलं, छान. आता मी आधार होते.

आणि आता ते, जे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

वर मी लिहिलंय की मॅडमनी लेखी पाठबळ मागितलं आणि मी वाक्यं काढली. वाचताना तुला वाटलं असेल की माझ्याकडे लेखी काही नव्हतं. मला तसंच वाटू द्यायचं होतं, याही पत्रात, इथवर. होतं. आत्येची पत्र्याची पेटी तुला आठवते ना, जिच्यात आपल्या जुन्या वह्या असायच्या? मॅडमचा शेरा आला त्याच दिवशी मी ती उघडली होती. मला नेमकं माहीत होतं मी काय शोधतेय. आपल्या आठव्या वर्षीचं श्रुतलेखन. त्या वर्षी गावपळण झाली होती, आणि परत आल्यावर दोन दिवसांनी आत्येने आपल्याला पडवीत बसवून घातलेलं. "गावपळण संपली. आम्ही घरी आलो. गावातला पहिला विस्तव कृष्णाबाईच्या मडक्यातला. तिच्या सासूच्या आधी तिची आजेसासू विस्तव राखायची. आमच्या घरची चूलही त्याच विस्तवाने पेटते." तुझ्या आजीचं नाव पुस्तकी मराठीत ऐकून तू फिदीफिदी हसत सुटलीस, तेव्हा आत्येने तुझ्या वहीवर पेन्सिल आपटली. "हसतंस कित्याक गो? तुझ्या आजयेचा नाव आसा, नीट लिही." तू म्हणालीस, "आजयेक सांगू काय, तिचा नाव शाळेत इला?" आत्ये म्हणाली, "सांग. आणि सांग, सुभद्रान लिवन घेतलां."

वही सापडली. माझीच. पेन्सिलने लिहिलेलं, वर आत्येच्या अक्षरात तारीख, खाली तिची सही आणि लाल शाईत दहापैकी सात. समासात तू काढलेला खेकडा, त्याला नऊ पाय. सांगणाऱ्याचं नाव, तारीख, लेखी पुरावा, मॅडमना हवं होतं ते सगळं त्या एका पानावर होतं. मी फोनवर त्याचा फोटोही काढला. मग ई-मेल उघडला, फोटो जोडला, आणि त्याच संचातल्या इतर नोंदींच्या आधारयाद्या बघितल्या. ताम्रपट, बखरी, परदेशातल्या विद्यापीठांचे ग्रंथ. आणि त्यांच्याखाली माझी वही, दहापैकी सात, नऊ पायांचा खेकडा. मॅडम हसतील, असं वाटलं. ही नोंद लिहिणारी लहानपणी शाळेतसुद्धा गेली नव्हती, घरी शिकली, पडवीत, हे त्यांना कळेल, असं वाटलं. मला आत्येची लाज वाटली, रिया. जिने मला अक्षर दिलं तिच्या अक्षराची. मी ई-मेलमधून फोटो काढून टाकला, मग परिच्छेद काढून टाकला, आणि 'पाठवा' दाबलं.

म्हणजे सभामंडपात तुझ्या आजीने विचारलं तेव्हा मला नुसतं माहीत होतं असं नाही. माझ्या पिशवीतल्या फोनमध्ये ते पान होतं. उत्तर तिथल्या तिथे दाखवता आलं असतं.

सप्टेंबरमध्ये कॉलेजात एक मुलगा मला विचारत होता की मॅडम, या संचात चूक असेल तर काय करायचं. मी त्याला नियम सांगितला, की संपादकांना आधारासह लिहायचं, तिमाही दुरुस्तीत बदल होतो. तो म्हणाला, "एवढं सोपं?" त्या संध्याकाळी मी पुण्याला लिहिलं. सगळं, वहीसकट. तीन दिवस उत्तर नव्हतं आणि मी तीन दिवस जेवले नाही म्हटलं तर आई सांगेल की खोटं, दुसऱ्या दिवशी पेज घेतली होतीस. उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं, "हे पान तेव्हाच पाठवलं असतंत तर मी आनंदाने पहिला आधार म्हणून दिलं असतं. आमच्याकडे अशा वह्या फार थोड्या येतात." हे वाक्य मी वाचलं आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. कोणी हसलंच नसतं.

वही आता कॉलेजच्या ग्रंथालयात रीतसर दाखल केली आहे, हस्तलिखितांत, चारशे सतराव्या क्रमांकावर. सुभद्राआत्येचं नाव तिच्यावर आहे, श्रुतलेखन घालणारी म्हणून. दुरुस्तीबरोबर एक खुलासा छापला जाईल, की मूळ लेखिकेकडे हा आधार असूनही तिने दिला नव्हता. माझं नाव नोंदीखाली राहील की नाही ते संपादक मंडळ ठरवेल. बहुधा राहणार नाही. ते ठीक आहे. पण पडद्यावरचं वाक्य जानेवारीत बदलेल, आणि गाव त्याआधीच सुटतोय. भिंतीवर भाई दर शनिवारी पुसतात ते प्लास्टिक आहेच. मी त्यांना पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं, ते काढा, चूक आहे. ते म्हणाले, "तुझ्याच हातचा आसा आणि तूच खोटां पाडतंस? माका लोकांत तोंड दाखवूक ठेवशीत काय?" मग चष्मा काढून म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगशीत?" मी हो म्हटलं. तेव्हापासून आमच्यात एवढंच बोलणं होतं की जेवलंस काय आणि जेवलंय.

तर तीस तारखेला मी सभामंडपात उभी राहणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट राहिली आहे, आणि या पत्राचं कारण तेच. दुरुस्तीत कृष्णाबाईंचं नाव घालायचं की नाही, हे मॅडमनी मला विचारलंय, आणि मी लिहिलंय की ते माझं नाही, विचारून सांगते. एकदा मी तिच्या घराबद्दल तिला न विचारता लिहिलं. पुन्हा नाही. विचारायला मी तीन वेळा बांधावरून निघाले आणि तिन्ही वेळा तुमच्या जाळी वाळत घालायच्या जागेपर्यंत जाऊन परत आले. मी दारात उभी राहिले तर ती चहा टाकेल, आईचे गुडघे विचारेल, मला काही बोलूच देणार नाही, आणि मी काही न सांगताच माफ होऊन परत येईन, याची मला भीती वाटते. म्हणून हे कागदावर. पाकिटावर नाव तुझं आहे, पण पत्र खरं तर तिला आहे, आणि तिला वाचता येत नाही. शुक्रवारी घरी गेलीस की तिला हे वाच. काही गाळू नकोस, विशेषतः वहीचं. मराठीतलं मालवणीत सांग. खालचं मात्र आहे तसंच वाच, ते मी तिच्याशीच बोलतेय. माझ्याशी तू बोललीच पाहिजेस असं नाही.

आजी, पयलो विस्तव तुझो. आठ वर्सांची असल्यापासून माका ह्यां म्हायत आसा. देवळात तू इचारलंस तेवा पण म्हायत होतां. माका लाज वाटली, ती तुझी न्हय, माझीच. रविवारी मी सगळ्यांसमोर सांगतलंय, तू इलंस तरी आणि नाय इलंस तरी. नाव घालूचा काय नाय, ता तू रियाक सांग. मडकां परत धरूचा काय नाय, ताय तूच ठरव, तुका कोण जोर करूचो नाय. धरलंस तर परतीच्या दिवशी तरीर पयली मी येतलंय. नाय धरलंस तर त्या दिवशी माझ्या हातान आमची चूल पेटाची नाय, आणि गॅसय नाय.

तुझीच, पडवीतली,
संचिता